ठोका चुकतो तेव्हा

मराठी भाषेने भीतीचे घर हृदयात मानले आहे. काळजात धस्स होते, उरात धडकी भरते, काळजाचा ठोका चुकतो. कथा-कादंबऱ्यांतून हे वाक्प्रचार इतके रुळले की त्यांतील शरीर केव्हाच लोपले आणि उरली ती केवळ भावना. पात्राचा चुकलेला ठोका पुढच्या वाक्यात जागेवर आलेला असतो. काही कुटुंबांत मात्र तो जागेवर येत नाही.

लाइपझिगचे वैद्य फ्रीडरिश लुडविग माइसनर यांनी १८५६ साली मूकबधिरांविषयीच्या आपल्या ग्रंथात एक हकिगत नोंदवली. मूकबधिरांच्या शाळेतील एका मुलीला किरकोळ अपराधाबद्दल संचालकांसमोर उभे करण्यात आले. शिक्षा होण्याआधीच ती कोसळली आणि गतप्राण झाली. ही वार्ता ऐकून आईवडिलांना फारसे नवल वाटले नाही. त्यांची आणखी दोन मुले अशीच गेली होती. एक भेदरून, दुसरे संतापाच्या भरात.

कथाकाराला या प्रसंगात अपराधी मनाची शोकांतिका दिसली असती, धर्मोपदेशकाला दैवी शासन, सुधारकाला शाळेचे क्रौर्य. प्रत्येक अर्थ कोणाच्या तरी माथी दोष ठेवणारा आहे. खरी खूण होती ती आईवडिलांना नवल न वाटण्यात. एकाच घरातील तीन मृत्यू एका धाग्यात ओवलेले आहेत, हे त्यांनी जाणले होते; तो धागा कोणता, हे सांगण्याचे साधन त्या काळी कोणापाशीच नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी लायडन येथे विलेम आइंटहोव्हेन यांनी हृदयाच्या विद्युत्-स्पंदनांचा आलेख काढला आणि त्याच्या चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे दिली. क्यूच्या आरंभापासून टीच्या अखेरपर्यंतचे अंतर म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांनी उद्दीपित होऊन पुन्हा विसावण्यास घेतलेला काळ. १९५७ साली अंतोन येर्व्हेल आणि फ्रेद लांगे-नील्सन यांनी नॉर्वेतील एका कुटुंबाचे वर्णन केले. सहा मुलांपैकी चार जन्मबधिर होती, त्यांच्या आलेखांत हे अंतर लांबलेले होते, आणि त्यांतील तिघे चार, पाच व नऊ वर्षांची असताना अकस्मात मरण पावली. आईवडील मात्र निरोगी होते. लाइपझिगची मुलगी याच विकाराची असावी, असे आज मानले जाते.

बहिरेपण आणि हृदय यांचा संबंध काय? हृदयपेशीत सोडियम शिरला की ती उद्दीपित होते. पोटॅशियम बाहेर पडला की विसावते. पोटॅशियमची ही वाट पेशीच्या आवरणातील सूक्ष्म द्वारांतून जाते. त्यांपैकी एका द्वाराची घडण ज्या जनुकात लिहिलेली असते, ते केसीएनक्यू-१ हे जनुक १९९६ साली हाती आले. तेच द्वार अंतर्कर्णातील द्रवात पोटॅशियम पोहोचवते. त्यावाचून ध्वनीचे संवेदन होत नाही. दोन्ही पालकांकडून सदोष प्रत आली की कानही जातो आणि हृदयाचे विसावणेही रखडते. भीतीने नाडी वेगावली की हे द्वार अधिक उघडून विसाव्याचा काळ आखडता घेणे आवश्यक असते. ते न घडल्यास ठोके पिळवटल्यासारखे सैरभैर होतात आणि रक्ताचा प्रवाह थांबतो.

एकच सदोष प्रत आलेल्यांना ऐकू नीट येते. धोका मात्र काही अंशी राहतो. रोमानो यांनी १९६३ साली आणि वॉर्ड यांनी १९६४ साली वर्णिलेली कुटुंबे अशी होती. पुढे अन्य जनुकेही सापडली आणि प्रत्येकाचा घात करण्याचा क्षण निराळा दिसला. एकात पोहणे वा धावणे, दुसऱ्यात घड्याळाचा अकस्मात गजर, तिसऱ्यात गाढ निद्रा.

पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी ललाटलेख लिहिते, अशी आपल्याकडे समजूत आहे. जनुकाची लिपी वाचता येऊ लागल्यावर तो लेखच हाती आला, असा भास होतो. पण सटवाईचा लेख अटळ असतो. जनुकाचा तसा नाही. सदोष जनुक घेऊन अनेक जण वार्धक्यापर्यंत निर्वेध जगतात. बीटा-ब्लॉकर औषधे भीतीचा आघात बोथट करतात, आणि अतिधोका असलेल्यांच्या छातीत बसवलेले यंत्र बिघडलेली लय सावरू शकते. एक भावंड गेल्यावर उरलेल्यांची तपासणी आता करता येते. या ज्ञानाचेही मोल द्यावे लागते. खेळते मूल एका अहवालाने जन्माचे रुग्ण ठरते, आणि आई त्याच्या प्रत्येक धावण्याकडे धास्तीने पाहू लागते. तरीही हे ओझे लाइपझिगच्या आईवडिलांच्या ओझ्याहून हलके आहे. त्यांना तीन मुले जाताना पाहावी लागली, आणि चौथ्यासाठी काय करावे हे सांगणारा कोणी नव्हता.

त्या मुलीचा अपराध किरकोळ होता. तिच्या मरणाशी त्याचा संबंध इतकाच, की त्या क्षणी तिला भीती वाटली. तिच्या माथ्यावरचा दोष उतरायला शंभराहून अधिक वर्षे लागली.