शिक्षिकेला शिकविणारे कोण?

जून महिना जवळ आला, की पालकांची पावले शाळांकडे वळू लागतात. बालवर्गाची फी किती, माध्यम कोणते, गणवेश कोठे मिळतो, रिक्षाची सोय आहे काय, या साऱ्यांची बारकाईने चौकशी होते. मात्र आपले तीन वर्षांचे लेकरू ज्या बाईंच्या हाती आपण सोपविणार, त्या बाईंचे स्वतःचे प्रशिक्षण कोठे झाले, आणि त्या प्रशिक्षण संस्थेला शिक्षिका घडविण्याचा अधिकार कोणी दिला, असे विचारणारा पालक इतक्या वर्षांच्या धर्मग्रामसेवेत मला क्वचितच भेटला. विषय रुक्ष वाटेल खरा. पण वाचकहो, थोडा धीर धरून तो ऐकावा अशी माझी विनंती आहे.

आमचे खामगाव ही कापसाची जुनी पेठ. १८७० साली जलंबहून येथवर रेल्वेचा फाटा आला तो मुख्यतः कापसासाठीच. पुढे १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. तेव्हा गाडीतल्या वरच्या थरावर विसंबून चालत नसे. ग्रेडरला आत हात घालून कापूस बाहेर काढावा लागे. धाग्याची लांबी, ओलावा आणि कचरा पाहून मगच प्रत ठरे. शेतकरी त्याच्यावर चिडत, भांडतही. पण कोणीतरी तटस्थपणे प्रत पाहिली पाहिजे, याविषयी कोणाचे दुमत नसे. कापसाच्या बाबतीत आपल्याला जे इतके सहज पटते, ते मुलांच्या बाबतीत का सुचू नये?

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी बारावी उत्तीर्ण झाली. तिला लहान मुलांची विलक्षण ओढ. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात पोरे तिला सोडत नसत. एका मोठ्या शहरातील खासगी वर्गाने एका वर्षात मॉन्टेसरी शिक्षिका करण्याची जाहिरात दिली होती. वडिलांनी कापसाच्या पैशांतून फी भरली. वर्षअखेर सोनेरी शिक्क्याचे सुबक प्रमाणपत्र हाती आले. ते घेऊन ती एका शाळेत गेली, तेव्हा तेथील कारकुनाने एवढेच विचारले, “या वर्गाला मान्यता कोणाची?” ती माझ्याकडे आली ती डोळे पुसतच. म्हणाली, “फादर, मी रोज जात होते. त्यांनी शिकवलंही थोडंफार. मग हे खोटं कसं?”

त्या प्रमाणपत्रावरचा मजकूर खोटा नव्हता. पण तेथे काय शिकवितात, कोण शिकवितात, विद्यार्थिनीला मुलांसोबत किती दिवस काम करू देतात, हे बाहेरच्या कोणीही कधी तपासले नव्हते. म्हणून बाहेरच्या जगाने त्यावर विश्वास ठेवावा असा आधारच त्याला नव्हता. पुढे त्या मुलीने मान्यताप्राप्त संस्थेत नव्याने दोन वर्षे काढली. पहिली फी आणि ते वर्ष मात्र गेले ते गेलेच.

येथे दोन शब्दांतील भेद समजून घेतला पाहिजे. पहिला शब्द मान्यता. संसदेने १९९३ साली कायदा करून राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला वैधानिक अधिकार दिले आणि १९९५ साली ती कार्यान्वित झाली. शिक्षक प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम चालविणाऱ्या संस्थेने या परिषदेची मान्यता घेतली पाहिजे. त्या मान्यतेवाचून परीक्षा मंडळाला तिच्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेता येत नाही. मान्यतेचा आदेश राजपत्रात प्रसिद्ध होतो, म्हणजे तो कोणालाही पाहता येतो. परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीत पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या पदविकेसाठी दोन वर्षांचा काळ ठरविला आहे. दुसरा शब्द अधिस्वीकृती. संस्था सुरू झाल्यावर ती खरोखर कशी चालते, याचे ठरावीक काळाने केलेले मूल्यांकन म्हणजे अधिस्वीकृती. उच्च शिक्षणात हे काम १९९४ साली बंगळूर येथे स्थापन झालेली ‘नॅक’ ही संस्था करते. मान्यतेने दार उघडते. आत काय चालले आहे हे अधिस्वीकृतीने कळते.

केवळ मान्यता पुरेशी नसते, हे आपल्याच राज्याने पाहिले आहे. महाराष्ट्रातील डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार आयोग नेमला. आयोगाने २०१२ साली अहवाल दिला. वादातील २९१ संस्थांपैकी बहुसंख्य संस्था तपासणीत अपात्र ठरल्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही याच आयोगाचा हवाला देऊन म्हटले आहे, की देशातील दहा हजारांहून अधिक स्वतंत्र अध्यापक शिक्षण संस्थांपैकी बहुतेक संस्था गंभीरपणे शिकविण्याचा प्रयत्नही न करता पदव्या विकत आहेत. वरचा थर पांढराशुभ्र, आणि आत हात घातल्यावर कचरा!

यावर कोणी म्हणेल, की ताराबाई मोडकांना कोणत्या परिषदेची मान्यता होती? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. ताराबाई काही काळ आपल्या वऱ्हाडातच, अमरावतीला राहिल्या. पुढे राजकोटच्या स्त्री अध्यापन विद्यालयाच्या त्या प्राचार्या झाल्या, भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम केले, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९३६ साली दादरला शिशुविहार, १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र, आणि नंतर अनुताई वाघांसह कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत काम. आमच्या खामगावातील टिळक राष्ट्रीय विद्यालयही राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून उभे राहिले. त्या चळवळीने तर परक्या सरकारच्या शिक्क्याकडे जाणूनबुजून पाठ फिरविली होती.

पण या मंडळींनी काही लपविले नव्हते. ताराबाईंकडे शिकणारी शिक्षिका बालमंदिरात मुलांमध्ये बसूनच शिके, आणि ते काम ज्याला पाहायचे त्याला उघडे होते. शिवाय चांगली पद्धती निव्वळ नावावर टिकत नाही, हे जाणणारेही तेच. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले. १९३९ साली त्या मद्रासला आल्या आणि येथे त्यांनी शेकडो शिक्षकांना स्वतः शिकविले. आपल्या पद्धतीचे प्रशिक्षण निर्भेळ राहावे म्हणून १९२९ सालीच त्यांनी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली होती. तरीही आज गल्लीबोळांतील पाट्यांवर ते नाव कोणीही रंगवितो.

आम्हा धर्मगुरूंना ही गोष्ट परकी नाही. ट्रेंटच्या महासभेने १५६३ साली सेमिनरी स्थापण्याचा आदेश दिला, त्याचे एक कारण हेच, की पुरेशी तयारी नसलेल्या माणसाच्या हाती लोकांचे आत्मे सोपविले जात होते. सेमिनरीत माझी पुस्तकी परीक्षा झाली, तसे माझे वागणेही वर्षानुवर्षे पाहिले गेले. तेव्हा ते जाचक वाटे. आज वाटते, की ज्यांच्यापुढे मी उभा राहणार होतो, त्या श्रद्धावंतांचा तो हक्कच होता.

तोच हक्क अंगणवाडीतल्या मुलाचाही आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून खेड्यातील गरिबाचे मूल पहिले अक्षर अंगणवाडी सेविकेच्या मांडीवर गिरवीत आले आहे. नव्या धोरणाने बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचविली आहे. पोषण आहार, लसीकरण, नोंदवह्या हे सारे सांभाळून मानधनावर राबणाऱ्या या भगिनींना ते प्रशिक्षण कसदार मिळावे. तेही कागदापुरते उरले, तर तोटा ज्यांचा होईल त्यांना तक्रार करण्याइतके बोलताही येत नाही.

म्हणून कन्येला अशा अभ्यासक्रमास पाठविण्यापूर्वी प्रत्येक पालकाने तीन गोष्टी विचाराव्यात: मान्यतेच्या आदेशाची प्रत दाखवाल काय? परीक्षा कोणते मंडळ घेते? विद्यार्थिनी प्रत्यक्ष मुलांसोबत किती आठवडे असते? आणि आपल्या चिमुकल्याला बालवर्गात घालताना हेच प्रश्न बाईंविषयी नम्रतेने मुख्याध्यापिकांना विचारावेत. शाळा आपल्या मिशनची असली तरीही विचारावेत. चांगल्या शाळेला त्यांचा राग येणार नाही, आणि जिला येईल तिच्याविषयी आपल्याला वेळीच कळेल.