उकळलेल्या पाण्याची खतावणी

चातुर्मास बसला की गंगापूर रोडवरील आमच्या घरी रोज दहा लिटर पाणी उकळले जाते. सासूबाईंचा नियम कडक आहे: तीन उकळ्या आल्याखेरीज पातेले उतरवायचे नाही, आणि पावसाळ्यात ते पाणी तीन प्रहरांपलीकडे वापरायचे नाही. यंदा अकरावीत गेलेल्या माझ्या मुलीने एके सकाळी विचारले, "दादी, तुम्ही तेउकायाची जयणा सांगता, मग ही बाजूने वर चढणारी ज्योत कोणासाठी जळते?" सासूबाई रागावल्या नाहीत, मात्र दिवसभर अस्वस्थ राहिल्या. विनाकारण पेटलेला अग्नी त्यांच्या लेखी खर्चापेक्षा मोठा दोष आहे.

या पाण्याच्या शेगडीला वेगळा सिलिंडर आहे. यजमानांनी तो दुकानातील काट्यावर पाच दिवसांच्या अंतराने तोलला. गॅस गेला होता 700 ग्रॅम, म्हणजे रोजचा 140.

लेकीने वही उघडली. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच असल्याने येथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते. पंचवीस अंशांच्या दहा लिटर पाण्याला तेथवर नेण्यास सुमारे 3,050 किलोज्यूल ऊर्जा लागते. (ज्यांच्या नावाने हे माप चालते ते ज्यूल इंग्लंडमधील मद्य गाळणाऱ्या व्यापारी घराण्यातील होते. हे सासूबाईंना सांगितले नाही.) एक किलो गॅसमध्ये साधारण 46,000 किलोज्यूल साठलेले असतात. म्हणजे पाण्याच्या वाट्याचा गॅस अवघा 66 ग्रॅम. आमची कार्यक्षमता 47 टक्के निघाली. भारतीय मानकानुसार घरगुती शेगडीची किमान 68 टक्के हवी.

उरलेली ऊर्जा नाहीशी झाली नाही. भिंती, ओटा आणि हवा यांच्या खात्यावर चढली. लाख रुपयांचा माल लाख गिऱ्हाइकांना एकेक रुपया उधारीने द्यावा, तसे हे आहे. खतावणीत रक्कम पूर्ण जुळते, वसुली मात्र कधीच होत नाही.

सर्वांत मोठी गळती वाफेची होती. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे 2,260 किलोज्यूल लागतात, म्हणजे आमचे दहाही लिटर उकळीला आणण्याच्या जवळजवळ तीन चतुर्थांश! तीन उकळ्यांच्या नावाखाली मी पाणी दहा-दहा मिनिटे खळखळत ठेवीत असे. आता झाकण असते, ज्योत पातेल्याच्या बुडाबाहेर जात नाही, आणि सासूबाई स्वतः उभ्या राहून तीन उकळ्या मोजतात. नियमाला धक्का नाही. पुढच्या पाच दिवसांत काटा 540 ग्रॅमवर थांबला.

तरीही एक गोष्ट राहिली होती. उकळलेले पाणी आम्ही परातीत ओतून निववीत होतो, म्हणजे कमावलेली सगळी उष्णता पुन्हा हवेला दान. तोड सासूबाईंनीच सुचवली. आता झाकलेले पातेले नळाच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या टोपात ठेवतो. तासाभरात वरचे पाणी बरेच निवते आणि टोपातले अंघोळीजोगे तापते. सगळी उष्णता परत मिळत नाही, दोन्ही पाणी सारखे तापले की देवघेव थांबते. पण गच्चीवरचा सौर बंब नेमका याच महिन्यांत आभाळाखाली रुसलेला असतो, आणि यंदाच्या श्रावणात सासूबाईंच्या अंघोळीसाठी गिझर दोनदाच लावावा लागला.