शिरगावची वाट आणि जात्यावरची ओवी

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने देहूरोड ओलांडले, की बेगडेवाडी, घोरावाडी अशी लहान लहान स्थानके लागतात. शेलारवाडीजवळचा घोराडेश्वराचा डोंगर याच भागात आहे. तळेगाव दाभाड्यास उतरून सोमाटणे फाट्यावर यावे आणि तेथून पवनेच्या खोऱ्याकडे वळावे, म्हणजे शिरगाव येते. अलीकडच्या काळात हे गाव ‘प्रतिशिर्डी’ या नावाने सर्वतोमुखी झाले आहे. साईबाबांच्या मंदिरामुळे गुरुवारी येथे फुलांची व प्रसादाची दुकाने गजबजून जातात. पलीकडे गहुंजे येथे २०१२ साली मोठे क्रिकेटचे क्रीडांगण झाले, आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग याच टापूतून जातो. भाताची खाचरे अद्याप दिसतात. परंतु त्यांच्या बांधाशी बंगल्यांच्या भिंती येऊन टेकल्या आहेत.

यात्रेकरूंनी देवदर्शन अवश्य घ्यावे. तथापि ज्यांस सवड असेल त्यांनी घोराडेश्वराच्या पायऱ्याही चढाव्या, अशी आमची सूचना आहे. तेथील बौद्ध लेण्यांत एक प्राचीन ब्राह्मी लेख आहे. धेनुकाकट येथे राहणाऱ्या एका शेतकरी कुटुंबप्रमुखाच्या पत्नीने आपल्या नंद नामक पुत्रासह लेणे दान दिले, असा त्याचा आशय. सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या एका कृषकपत्नीचे नाव या पाषाणाने आजवर जतन केले आहे. तिच्यामागून याच मावळात ज्या सहस्रावधी कृषकपत्नी होऊन गेल्या, त्यांनी काय दिले आणि ते कोणी जतन केले, हा प्रश्न ते अक्षर पाहून आमच्या मनात उभा राहिला.

त्यांनी दिली ती ओवी. पहाटे सर्वांच्या आधी उठून, मूठमूठ वैरण घालीत आणि खुंटा फिरवीत त्या जे गात, त्यात माहेर होते, बंधू होता, सीतेचा वनवास होता, पंढरीचा विठोबा होता, आणि चारचौघांत उच्चारता न येणारे दुःखही होते. घर निजलेले असे. ऐकावयास जाते तेवढे जागे. ‘जात्यावर बसले की ओवी सुचते’ ही म्हण आपण व्यवहारात सहज वापरतो; पण तिचा वाच्यार्थही तितकाच खरा आहे. पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि बायकांच्या हातांचे घट्टे गेले. याबद्दल हळहळ करण्याचा अधिकार ज्याने कधी पायलीभर नाचणी दळली नाही त्यास नाही. मात्र श्रमांबरोबर गाणेही गेले, हे नाकारता येत नाही.

शिरगावात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी आम्ही उतरलो होतो. जाते पडवीच्या कोपऱ्यात होते. लग्नकार्यात हळद दळण्यापुरते ते आता बाहेर येते. घरातील वृद्ध मावशींस ओव्या पुष्कळ येतात असे समजल्यावरून त्यांच्या नातवाने भ्रमणध्वनी पुढे धरून “आज्जी, म्हण ना!” असा आग्रह मांडला. त्यांस एकही आठवेना. शेवटी त्या उठून जात्यापाशी जाऊन बसल्या, मूठभर तांदूळ घातले आणि खुंट्यास हात लावला. त्यासरशी ओव्यांमागून ओव्या येऊ लागल्या. मध्येच एक ओवी अर्ध्यावर तोडून त्या नातवास म्हणाल्या, “ही न्हाई ठेवायची. पूस ती.”

आम्ही म्हणालो, “मावशी, फार सुंदर होती हो.”

“आसंल, गुरुजी. पर ती माझी नि जात्याची हाय. जाऊबाई आजून हायेत. त्यांच्या कानी कशाला?” थोडे थांबून त्यांनी पुढे म्हटले, “आन् पहिल्या दोन माझ्या सासूच्या हायेत. तिचं नाव घाला. माझं एकलीचं नगं.”

नातवाने ती ओवी पुसली आणि पणजीचे नाव विचारून टिपून घेतले. वारसा जतन कसा करावा, यावर आमच्या वाचनात जे काही आले आहे त्याचे सार त्या दोन वाक्यांत आले, असे आम्हांस वाटले. काय ठेवावे हे गाणारीने ठरवावे. आणि जे ठेवाल ते तिच्या नावाने ठेवा.

या विचाराने झालेले एक मोठे कार्य आपल्याच पुणे जिल्ह्यात उभे राहिले, हे वाचकांपैकी थोड्यांस ठाऊक असेल. मूळचे फ्रान्सचे व पुढे भारताचे नागरिक झालेले गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशीच्या डोंगराळ भागातील गरीब स्त्रियांमध्ये काम करीत असता १९८० नंतरच्या दशकात ओव्यांचा संग्रह आरंभिला. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांवर स्त्रियांच्या सुमारे एक लक्ष दहा हजार ओव्या एकत्र झाल्या. प्वातवाँ २००४ साली व राईरकर २०१० साली निवर्तल्या. परंतु २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने या ओव्या क्रमाने प्रसिद्ध केल्या. ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव, वय व व्यवसाय दिलेला असतो. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली मुद्रित झालेल्या, डॉ. आंबेडकरांवरील ओव्याही त्यात आहेत. ओवी म्हणजे केवळ सणावाराचे गोड गाणे, ही आमच्यासारख्यांची समजूत त्या ऐकल्यावर टिकत नाही.

यापूर्वी साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचा मोठा संग्रह केला, आणि डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्यासाठी आयुष्य वेचले. त्यांचे ऋण मोठेच आहे. नव्या प्रयत्नाचा विशेष इतकाच, की तेथे ओवी गाणारीपासून तोडली गेली नाही.

जगातही याच दिशेने विचार झाला. युनेस्कोने २००३ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा करार केला. भारताने तो २००५ मध्ये मान्य केला. ज्यांचा वारसा त्यांचा सहभाग, हे तत्त्व त्यात लिहिलेले आहे. त्याच २००३ साली वेदपठणाच्या परंपरेस युनेस्कोने गौरविले, व २००८ मध्ये ती जागतिक यादीत गेली. आपल्या घरांत याचा आनंद झाला, तो योग्यच होता. परंतु येथे एक भेद ध्यानी घ्यावा. पद, क्रम, जटा, घन इत्यादी पाठांनी वेदाचा एक स्वरही ढळू नये अशी योजना पूर्वजांनी केली. तेथे न बदलणे हेच रक्षण. ओवीचा धर्म याच्या उलट. सासूची ओवी सून घेते आणि तीत आपल्या भावाचे नाव घालते. तेथे बदलणे हेच जगणे. वेदाच्या मापाने ओवी जतन करू गेल्यास एक शुद्ध पाठ ठरेल, बाकीचे अशुद्ध ठरतील, आणि गाणारी बाई स्वतःच्याच गाण्याची विद्यार्थिनी होऊन बसेल. व्यासपीठावर नऊवारी नेसवून, रिकामे जाते फिरवीत ओव्या म्हणवून घेण्याचे जे कार्यक्रम होतात, त्यांत हे भय आम्हांस दिसते. टाळ्या मिळतात खऱ्या. पण मानधन कोणाच्या हाती पडते आणि नाव कोणाचे छापले जाते, तेही पाहावयास हवे.

मग मुद्रणच करू नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. शिरगावच्या त्या मावशींची नातसून पिंपरीच्या कारखान्यात नोकरीस जाते. ती पहाटे दळावयास बसणार नाही, बसूही नये. आजेसासूचा आवाज उरला तर तो त्या यंत्रातच उरेल. मात्र तो कोठे ठेवावा, कोणास ऐकू द्यावा आणि कोणता पुसावा, हे ठरविण्याचा हक्क त्या घराचा राहावा.

आपल्याही घरांतून घाण्याच्या वेळची, मंगळागौरीची, डोहाळजेवणाची गाणी येणाऱ्या एक-दोन वृद्धा अद्याप असतील. वाचकांनी हा अंक हातावेगळा केल्यावर त्यांच्यापाशी बसावे, त्यांची अनुमती घेऊन ऐकावे, आणि वहीत गाण्याच्या डोक्यावर त्यांचे पूर्ण नाव व माहेरचे गाव लिहावे. ते गाणे ज्यांच्याकडून त्यांस आले त्यांचे नाव सांगतील, तर तेही खाली लिहावे.