पाय मोडणारी कळ

माझ्या जुन्या कळफलकाची ‘डी’ ही कळ गेल्या महिन्यात दगा देऊ लागली. इनस्क्रिप्ट मांडणीत अक्षराचा पाय मोडणारे हलन्त चिन्ह याच कळीवर आहे. ते उमटले नाही, की जोडाक्षर फुटते. एका निवेदनात ‘महाराष्ट्र’ऐवजी ‘महाराषटर’ छापले गेले. सीमाभागात राहून नेमका हाच शब्द चुकावा, याची मनस्वी लाज वाटली.

बेळगावच्या दुकानात सर्व कळफलकांवर इंग्रजी अक्षरेच होती. मराठी येथे बोटांच्या स्मरणात राहते. म्हणून कळीचा स्पर्श मोलाचा. रबरी पडद्याच्या स्वस्त कळफलकावर अक्षर केव्हा उमटले, ते बोटाला नीट उमगत नाही. यांत्रिक कळफलकाच्या तपकिरी स्विचमध्ये कळ सुमारे 2 मिलिमीटर खाली जाताना हलका अडथळा जाणवतो. तीच अक्षर उमटल्याची खूण. निळ्या स्विचमध्ये त्यासोबत टकटकही होते. माझे लेखन रात्रीचे, घर निजलेले. म्हणून तपकिरी निवडला.

पैसे देण्यापूर्वी दुकानातच ‘दुसऱ्या’ आणि ‘महाराष्ट्र’ हे शब्द लिहून पाहिले. दोन्ही अखंड उमटले.

वाचकहो, कळफलक पारखताना इंग्रजी वाक्य नव्हे, आपली जोडाक्षरे लिहून पाहावीत.