झांकली मूठ

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसानें दोनच आसनांची गाडी घ्यावी, यांत मुळांतच विसंगति आहे. आणि ती विसंगति आम्हीं सतरा वर्षें निमूटपणें सांभाळली. आमचें बिऱ्हाड लंडनच्या एका उपनगरांत. घरांत आम्ही, सौ., दोन मुलें, आणि दर उन्हाळ्यांत कांहीं महिने पुण्याहून येणारे आमचे तीर्थरूप अण्णा. या पांच जणांपैकीं तिघांना घरीं ठेवल्याखेरीज जी बाहेर पडूं शकत नाहीं, अशी ही गाडी. १९३२ सालीं स्थापन झालेल्या येथील महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवास जावयाचें म्हणजे सौ.नीं मोदकांचा डबा मांडीवर घेऊन बसावें, आणि उरलेल्या मंडळींनीं आगगाडीनें यावें, असा परिपाठ पडला होता.

२०२३ सालच्या उन्हाळ्यांत ती विकावयाचें ठरलें. कारण सांगावयास थोडी लाज वाटते. गाडी जमिनीला इतकी लगटून बसलेली आहे कीं तींत उतरणें म्हणजे पाटावर बसण्यासारखें, आणि उठणें म्हणजे पंगतींतून उठण्यासारखें! पन्नाशी उलटल्यावर आमच्या गुडघ्यांनीं तसा स्पष्ट निषेध नोंदविला. प्रश्न होता तो एवढाच, कीं विकण्यापूर्वीं तिची दुरुस्ती करावी कीं आहे तशीच द्यावी?

गाडी म्हणजे माझ्दा कंपनीची एमएक्स-५. १९८९ सालीं शिकागोच्या मोटार-प्रदर्शनांत ती प्रथम लोकांपुढें आली. उघड्या टपाच्या, दोघांपुरत्या, हलक्या गाड्या ही एके काळीं इंग्लंडची मिरास. परंतु त्यांतील प्रसिद्ध अशी एमजीबी १९८० सालींच बंद पडली होती. तो मोडलेला संसार जपानी कारागिरांनीं पुन्हा मांडला. स्वार आणि घोडा एकजीव व्हावेत, अशा अर्थाचें 'जिंबा इत्ताई' हें वचन त्यांनीं डोळ्यांपुढें ठेविलें होतें, आणि वळणावळणाच्या रस्त्यावर त्याचा प्रत्यय आम्हीं शेंकडों वेळां घेतला आहे. आमची गाडी १९९६ सालची, म्हणजे पहिल्या घडणीची. दिवे लावतांच ते बेडकाच्या डोळ्यांप्रमाणें वर उठत. मात्र ती दुर्मिळ नव्हे. या जातीची दहालाखावी गाडी २०१६ सालींच तयार झाली. हिशेबाच्या दृष्टीनें ही गोष्ट महत्त्वाची आहे. दुर्मिळ वस्तूवर केलेला खर्च काळ कदाचित् परत करील. चार ठिकाणीं मिळणाऱ्या वस्तूवरचा करीत नाहीं.

आतां तिचे दोष. कापडी टप विरला होता आणि त्याची मागची प्लास्टिकची खिडकी मोतीबिंदु झाल्यासारखी धुरकट झाली होती. डावा दिवा उजव्याच्या मागून, आळस देत वर येई. एंजिनांतील टायमिंग बेल्ट, म्हणजे एंजिनाच्या हालचाली एकमेकींशीं जुळवून ठेवणारा रबरी पट्टा, बदलण्याची मुदत जवळ आली होती. आणि सर्वांत मोठा दोष उंबरठ्याचा. दाराखालीं पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पत्र्याचा जो पोकळ उंबरठा असतो, त्यास येथील कारागीर 'सिल' म्हणतात. टपावर पडलेलें पाणी आसनांच्या मागील दोन बारीक नळ्यांतून खालीं जातें. त्या नळ्या पालापाचोळ्यानें तुंबल्या कीं पाणी आंतल्या आंत मुरतें. त्यांत हिवाळ्यांत रस्त्यावर टाकलेलें मीठ चाकांनीं उडून बाहेरून चिकटतें. आणि मागच्या चाकाच्या अंमळ पुढें उंबरठा आंतून गंजूं लागतो. या जातीच्या जुन्या गाड्यांचा हा ठरलेलाच रोग आहे. रंगाला एखादा फोड आलेला दिसतो, तेव्हां आंतला पत्रा कधींच खाल्ला गेलेला असतो.

इंग्लंडांत तीन वर्षांहून जुन्या गाडीची दरवर्षीं सक्तीची तपासणी होते. १९६० सालीं ती सुरू झाली, तेव्हां ती दहा वर्षांच्या गाड्यांपुरती होती. १९६७ पासून मर्यादा तीन वर्षांवर आली. मागच्या तपासणींत आमची गाडी उत्तीर्ण झाली होती, परंतु 'डावा उंबरठा गंजूं लागला आहे' असा शेरा मिळाला होता. हा शेरा सरकारी संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून कोणासही फुकट वाचतां येतो. वधूपरीक्षेच्या आधींच पत्रिकेंतला मंगळ सर्व गांवास ठाऊक व्हावा, तशी आमची अवस्था झाली.

एका कारागिराकडे गेलों. त्यानें टोंचणीनें उंबरठा ठोकून पाहिला. डाव्या बाजूस टोंचणी सरळ आंत गेली. उजवीचा आवाजही बसका आला. तो म्हणाला, "दोन मार्ग आहेत. दोन्ही बाजूंचा सडलेला पत्रा आंतून-बाहेरून कापून नवा जोडावयाचा, तर नऊशें पौंड. नाहींतर जुन्यावरच नवा पत्रा चढवितों, कडेनें सांधतों, वर रंग देतों. अडीचशें पौंडांत काम होईल. तपासणींत बहुधा निघून जाईल. गंज वर येईपर्यंत गाडी तुमची नसेलच."

त्या रात्रीं आम्हीं कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. आहे तशी विकली तर पंधराशें पौंड. सर्व दुरुस्ती केली तर उंबरठ्याचे नऊशें, टपाचे साडेचारशें, पट्ट्याचे साडेतीनशें, मिळून सतराशें पौंड खर्च. आणि येणार सुमारें पंचवीसशें! म्हणजे सातशें पौंडांची सरळ खोट. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण आमच्यासारख्या घरांत शोभत नाहीं खरी, पण हिशेबाला चपखल बसली. उलट अडीचशें पौंडांचा लेप दिला, तर नफाच नफा. कायदाही फारसा आडवा येत नव्हता, असें आम्हीं मनाशीं ठरविलें. व्यापाऱ्याची गोष्ट निराळी. खाजगी विक्रेत्यानें विचारल्यास खोटें सांगूं नये, पण न विचारतां प्रत्येक दोष आपण होऊन सांगावाच, असें बंधन येथें त्याच्यावर नाहीं. झांकली मूठ सव्वा लाखाची! रस्त्यावर चालविण्यास धोक्याची झालेली गाडी विकणें हा मात्र गुन्हा आहे, हें कलम आम्हीं घाईनें वाचून पुढें गेलों.

सकाळीं चहाच्या वेळीं हा बेत घरांत सांगितला. अण्णा वर्तमानपत्र वाचीत होते. ते खालीं न ठेवतांच त्यांनीं विचारलें, "अरे, आपली चेतक आठवते का?"

न आठवून काय होतें! त्या काळीं बजाजच्या स्कूटरसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. १९७८ सालीं अण्णांचा नंबर लागला, तेव्हां वाड्यांत पेढे वांटले होते. थंडीच्या दिवसांत ती एका अंगावर कलती केल्याखेरीज सुरू होत नसे. १९९५ सालीं अण्णांनीं ती सासवडच्या एका शिक्षकांना विकली. विकतांना त्यांनीं तिचे सारे दोष पाठकोऱ्या कागदावर लिहून दिले होते: कलती करावी लागते; तिसरा गिअर मधूनच सुटतो; मागचा ब्रेक नवा घातला आहे. आम्हीं त्या वेळीं त्यांची थट्टाही केली होती.

"ब्रेक तेवढा मी नवा घातला होता," अण्णा म्हणाले. "बाकीचें त्याला कळलें असतें, किंवा मी सांगितलें म्हणजे भागत होतें. ब्रेकचें कळावयाची वेळ वाईट असते."

आम्ही कांहींतरी उत्तर देणार, तोंच सौ. ओट्याजवळून म्हणाल्या, "अहो, तो वरवर पत्रा चढवून घेतल्यावर त्या गाडींत तुम्ही आपल्या धाकट्याला बसवाल का?"

चहा निवेपर्यंत आम्ही गप्प बसलों. उघड्या गाडीला डोक्यावर छप्पर नसतें. इतर गाड्यांत जें बळ छप्पर आणि खांब मिळून देतात, त्यांतला पुष्कळ भाग हिच्यांत खालच्या उंबरठ्यांना उचलावा लागतो. कुशीवर धडक बसली तर माणूस आणि लोखंड यांच्यामध्यें तो पत्राच असतो. रंग देऊन आम्ही झांकणार होतों तें हें.

विचार करतां करतां एक गोष्ट ध्यानांत आली. विकण्यापूर्वीं माणसें दुरुस्ती करतात ती डोळ्यांना दिसणाऱ्या भागांची. घर विकावयाचें तर भिंतींना रंग देतात, आणि तुळईची वाळवी तशीच ठेवतात. वास्तविक व्हावयास पाहिजे याच्या उलट. जें घेणाऱ्याला दिसतें, त्याची किंमत तो आपण होऊन कापून घेतो. त्यावर आपण खर्च करण्याचें कारण नाहीं, कारण त्याची आवड आपल्याला ठाऊक नसते. जें दिसत नाहीं, पण सांगितल्यानें कळतें, तें सांगावें. आणि जें दिसत नाहीं, व ज्याच्यावर जीव अवलंबून आहे, तेवढें मात्र आपण नीट करून द्यावें. किंवा तेवढें सामर्थ्य नसेल तर गाडी मोडीत घालावी.

त्याप्रमाणें केलें. टप तसाच ठेवला. आळशी दिवाही तसाच ठेवला. पट्टा बदलला नाहीं. आमच्या गाडीचें एंजिन अशा घडणीचें आहे कीं पट्टा तुटला तर तें बंद पडतें, पण सहसा मोडत नाहीं. शेवटचा पट्टा कधीं बदलला त्याची पावती काढून ठेविली. उंबरठे मात्र दोन्ही कापून नवे जोडून घेतले, आंत गंजरोधक मेण फवारलें, आणि कारागिराकडून कापलेल्या अवस्थेंतील छायाचित्रें मागून घेतलीं. तीं पाहून अंगावर कांटा आला. डाव्या उंबरठ्याचा आंतला पत्रा भाजलेल्या पापडासारखा झाला होता. अडीचशें पौंडांत आम्ही त्यावर नवें कापड पांघरणार होतों!

गाडी पाहावयास आला तो पंचविशीचा एक तरुण, पत्नीसह. आम्हीं अण्णांच्या धर्तीवर दोषांची यादी त्याच्या हातीं दिली, छायाचित्रें दाखविलीं, पावत्या मांडल्या. मागितले साडेबावीसशें. त्यानें यादी शांतपणें वाचली आणि टपावर, मग दिव्यावर, मग पट्ट्यावर बोट ठेवीत, आमच्याच अक्षराच्या आधारानें, शंभर पौंड कमी करून घेतले. साडेएकवीसशें आले, नऊशें गेले, साडेबाराशें उरले. दुरुस्ती न करतां दोष सांगून विकली असती, तर याहून अडीचशें अधिक मिळाले असते. परंतु मग तो तरुण उंबरठा कोणत्या मार्गानें दुरुस्त करून घेता, हें आम्हांस कधींच कळलें नसतें.

संध्याकाळ होती, म्हणून त्यानें जातांना दिवे लावले. उजवा वर आला. डावा जरा थांबून वर आला. गाडी वळणाआड जाईपर्यंत आम्ही फाटकांत उभे होतों.

घरांत येऊन अण्णांजवळ थोडी कुरकुर केली, "तुमच्या यादीनें शंभर पौंडांना बुडविलें."

अण्णा चष्मा पुशीत म्हणाले, "सासवडच्या मास्तरांनीं दीडशें रुपये कमी केले होते. तुझ्या आईला मी तें कधीं सांगितलें नाहीं."