कुस्ती आणि बढती

मागल्या तारखेने सही करणाऱ्यांविषयीचे आमचे मत कचेरीत सर्वश्रुत आहे. म्हणूनच 'डब्ल्यूडब्ल्यूई टू-के ट्वेंटी' या व्हिडिओ गेमची हकीकत आमच्या मनातून जात नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये निघालेला हा कुस्तीचा खेळ दोषांनी ग्रासलेला होता. त्यात १ जानेवारी २०२० उजाडताच तो चालेनासा झाला. लोकांनी यंत्रातील तारीख मागे नेली, तेव्हा चालला! पुढे दुरुस्ती झाली, ती गोष्ट वेगळी.

नंतर कर्त्यांनी एका वर्षाची आवृत्ती रद्द करून मार्च २०२२ मध्ये 'ट्वेंटी-टू' आणली. ती रजा सत्कारणी लागली, असे आमचे मत आहे. डाव-प्रतिडावांची रचना नवी झाली. खऱ्या प्रयोगात निकाल आधीच लिहिलेला असतो. येथे तो निदान झुंजून ठरतो. चिरंजीव त्यातच दंग असतात. आम्ही मात्र रमलो मल्लांचे करार, अंदाजपत्रक आणि दर आठवड्याचा कार्यक्रम सांभाळण्याच्या विभागात. उणीव एकच जाचली: अजिंक्यपद सर्वोच्च तेवढे, मधल्या दर्जाचे एकही नाही. अकरा वर्षे एकाच पदावर काढलेल्या माणसास हे कसे रुचावे?

२०२३ च्या आवृत्तीत ती मधली पदे निर्माण झाली. चिरंजीवांच्या लाडक्या मल्लास आम्ही त्याच रात्री अशा पदाच्या कुस्तीत उतरविले. तो जिंकला.

"बाबा, तुमचं कधी?" चिरंजीवांनी विचारले.

आम्ही पुढल्या आठवड्याचा कार्यक्रम लावू लागलो.