कार्ल्याच्या लेण्यात आईने विचारलेला प्रश्न

विश्रामबागच्या चौकातून पहाटे तीनला गाडी सुटणार होती. आई एक वाजल्यापासूनच लुगडे नेसून, भाकरी-चटणीचे फडके बांधून बसलेली. तिच्या जन्मात तिने पाहिलेल्या लांबच्या जागा दोनच, नागपूरची दीक्षाभूमी आणि दादरची चैत्यभूमी. त्याही गर्दीत, पाठीवर बोचके घेऊन. ठरवून, तिकीट काढून, खिडकीजवळच्या आसनावर बसून कुठे जाणे हे तिला नवीन होते.

आमच्या शहरातील एका सहलवाल्याने 'एकवीरा दर्शन व कार्ले लेणी, एक दिवस, मार्गदर्शकासह' अशी सहल काढली होती. आमच्या कचेरीतील चारपाच कुटुंबे जात होती. आम्हीही चौघांची नावे दिली, आई, पत्नी, नववीत शिकणारी मुलगी आणि मी. आमच्या वस्तीतील एका कार्यकर्त्याने विचारले, "दादा, तुम्ही एकवीरेला निघालात?" मी म्हटले, "नाही, मी लेण्याला निघालोय. गाडी एकच आहे." तो हसला, पण त्याचे समाधान झालेले दिसले नाही.

आष्ट्यावरून पेठ नाका, तिथून महामार्ग. कराड आले तेव्हा अंधारच होता. डाव्या हाताला आगाशिवचा डोंगर असणार, एवढे मी मुलीला सांगितले. त्या डोंगरात साठाहून अधिक लेणी आहेत, आणि आपल्यापासून ती दीडदोन तासांच्या वाटेवर. तरी आमच्या वस्तीतील किती जणांनी ती पाहिली असतील? मी स्वतः पाहिली ती चाळिशी उलटल्यावर. जवळचे राहूनच जाते.

कार्ल्याला पोहोचेस्तोवर साडेनऊ वाजले. अर्ध्या डोंगरापर्यंत गाड्या जातात, पुढे पायऱ्या. दोन्ही बाजूंना ओटीचे सामान, बांगड्या, पेढे, खेळण्यांची दुकाने. आईचे गुडघे दुखत होते, तरी दर वीस पायऱ्यांना थांबत ती चढली. वर पुरातत्त्व खात्याची तिकीट खिडकी आहे. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही हे मला माहीत होते, त्यामुळे मुलीचे पैसे वाचले. कारकुनाच्या डोळ्याला असल्या गोष्टी आधी दिसतात, काय करणार!

वर गेल्यावर समोर आधी येते ते एकवीरेचे देऊळ, आणि त्याच्या मागे चैत्यगृह. कोळी, आगरी बांधवांची ती कुलदेवता. मुंबई, रायगड, ठाण्याकडून माणसे लेकराबाळांसह येतात. रांग मोठी होती. मार्गदर्शक म्हणून आलेला पंचविशीचा तरुण, हातात छोटा भोंगा. त्याने सर्वांना अंगणात गोळा केले आणि सांगितले, की पांडव वनवासात इथे आले, देवीने त्यांना एका रात्रीत देऊळ बांधायला सांगितले आणि त्यांनी ते बांधले. "मागे लेणी आहेत, साधू लोक ध्यानाला बसायचे. फोटो छान येतात. दर्शन घेऊन साडेबाराला खाली गाडीपाशी या." झाले! बुद्धाचे नाव नाही, भिक्खूंचे नाव नाही.

वाचकहो, त्या क्षणी माझ्या कानशिलात तापले. भोवती कचेरीतील माणसे होती, हातात नारळ होते. त्यांच्या श्रद्धेशी माझे भांडण नव्हते, आजही नाही. ज्यांची कुलदेवता, त्यांनी तिला जावे. मला डाचत होते ते वेगळेच. ज्यांनी हे उभे केले त्यांनी आपली नावे दगडात कोरून ठेवली आहेत, आणि त्यांचे श्रेय पांडवांना देऊन आपण मोकळे!

लोक रांगेकडे वळले. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारले, "येताय ना?" मी म्हटले, "तुम्ही जाऊन या. आम्ही लेण्यात थांबतो." तो "बरं" म्हणाला आणि आपली चप्पल आमच्याजवळ ठेवून गेला. एवढ्याने काम भागले. आदल्या रात्री मी या प्रसंगाची फार मोठी तयारी मनात केली होती, ती वाया गेली.

चैत्यगृहाच्या दारात डाव्या हाताला सोळा बाजूंचा उंच स्तंभ आहे, वर चार सिंह. गोतीचा पुत्र महारठी अग्निमित्रणक याने तो दान दिला. उजव्या बाजूला जोडीचा दुसरा स्तंभ असावा आणि त्याच जागी आज देऊळ आहे, असे अभ्यासक मानतात. ओसरीत दोन्ही अंगांना दगडी हत्ती. आणि आत पाऊल टाकले की माणूस बोलायचा थांबतो. सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच, अखंड डोंगर कोरून काढलेले. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब आणि स्तूपामागे साधे सात, असे एकूण सदतीस. छताला अर्धगोल लाकडी फासळ्या. हे लाकूड लेण्याच्या काळचे, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. स्तूपावरचे छत्रही लाकडाचेच. आमच्या विहाराच्या दाराची चौकट दहा वर्षांत वाळवीने खाल्ली.

आई स्तूपापुढे बसली. हात जोडून त्रिसरण-पंचशील म्हणाली, हळू आवाजात. आमच्या आजीने, म्हणजे आईच्या सासूने, धर्मांतरानंतर घरातले देव टोपलीत घालून कृष्णामाईत सोडले होते. ती गोष्ट आईने सासूकडून शंभरदा ऐकलेली. त्या घरात देव गेले आणि भिंतीवर दोन तसबिरी आल्या. पण इतक्या जुन्या जागी बसून वंदना म्हणायची पाळी आमच्या घरातल्या कुणावर यापूर्वी आली नव्हती.

मी गेल्या वर्षी सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या धम्मलिपीच्या वर्गाला जात होतो. घरी मुलीलाही थोडी अक्षरे शिकवली. खांबावरच्या ओळींवर बोट न टेकवता ती शोधत होती आणि एकदम ओरडली, "पप्पा, दानं! हा बघा 'न', आडव्या रेघेवर उभी काठी!" मग तिला जिकडेतिकडे 'दानं' दिसू लागले. मी वहीत उतरवून आणलेली नावे काढली आणि आईला वाचून दाखवू लागलो. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, ज्याने हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे कोरून ठेवले. धेनुकाकट गावचे यवन, एकेक खांब देणारे. यवन म्हणजे परदेशातून आलेले लोक, हे सांगितल्यावर आई म्हणाली, "तवा बी येत हुती व्हय?" पुढे धेनुकाकटचाच गंधी सिंहदत्त, म्हणजे अत्तराचा व्यापारी, त्याने दाराचे दान दिले. आणि त्याच गावचा सुतार, वेणुवासाचा मुलगा सामी, त्याने दार घडवले.

"सुताराचं नाव?" आई म्हणाली. माझे वडील सुतारकाम करायचे. विश्रामबागेतल्या कितीतरी बंगल्यांची दारे त्यांच्या हातची आहेत. नाव कुठल्याच दारावर नाही.

"हो. आणि ही बघ, एक भिक्खुणी, घुणिकाची आई. तिने वेदिकेची पट्टी दिली. ती नदिकाने घडवली, त्याचेही नाव आहे. आणि ही भायिला. महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "हिनं किती दिलं हुतं रं?"

मी वही चाळली. भायिलाच्या नावापुढे आकडा नव्हता, सुताराच्या नावापुढे नव्हता, यवनांच्या नव्हता. उषवदाताने वलुरकाच्या, म्हणजे इथल्याच, भिक्खुसंघाला करजिक गाव दिले, त्या दानात गावाचे नाव आहे. पण या खांबा-दारांवर कुणी किती दिले ते नाही. "लिहिलेलं नाही," मी म्हटले.

"आकडा न्हाय, तरी नाव हाय," आई म्हणाली. एवढेच. पुढे ती काही बोलली नाही, पण मला जे समजायचे ते समजले.

आता हे सांगितले पाहिजे. आमच्या वस्तीतील विहाराचे बांधकाम पूर्ण झाले तेव्हा खजिनदार मी होतो. बी.कॉम. झालेला एकटाच, म्हणून हिशोब माझ्याकडे. दाराशी काळ्या दगडाची पाटी बसवायची ठरली. कोरणारा अक्षरावर पैसे घेतो. मी कागदावर गणित मांडले आणि सुचवले, की पाच हजार एक रुपयांच्या पुढच्याच दात्यांची नावे कोरावीत. कमिटीने मान्य केले. एकशे त्रेचाळीस जणांनी दान दिले होते, पाटीवर एकोणीस आले. पंख्यांच्या पात्यांवर पंखा देणाऱ्यांची नावे रंगवली, तीही वेगळी. माझ्या आईने बावीस वर्षे बंगल्यांतून धुणीभांडी केली. तिने दर महिन्याला शंभर रुपये असे अकरा महिने दिले. पाटीवर ती नाही. पाटीच्या उद्घाटनाला तिनेच रांगोळी काढली होती आणि मला कधी एका शब्दाने विचारले नव्हते.

तेवढ्यात तो मार्गदर्शक आत आला. केव्हापासून खांबाआड उभा राहून ऐकत होता कोण जाणे. मी त्याला जरा कडक आवाजातच म्हटले, "बाळा, हे पण सांगत जा की लोकांना." तो म्हणाला, "साहेब, मला जे कागदावर लिहून दिलंय तेच मी सांगतो. हे मला कुणी सांगितलंच नाही." खोटे बोलत नव्हता. मला कुणी सांगितले होते? चाळीस वर्षे मीही नुसता पाया पडून आलो असतो. त्याने मोबाइलमध्ये दोन नावे टिपून घेतली.

परतीच्या वाटेवर देहूरोडला गाडी थांबवायची मी ड्रायव्हरला विनंती केली. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती जिथे बसवली ते विहार. धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षे आधीची ही घटना. कार्यक्रमपत्रिकेत ते नव्हते. एकदोघांनी घड्याळ पाहिले, पण सहकारी म्हणाला, "थांबवा हो, आमच्यासाठी ते दोन तास थांबले." पाच मिनिटे मिळाली. आई पळतच गेली म्हणा ना, गुडघे विसरून.

खंबाटकी ओलांडल्यावर मार्गदर्शकाने भोंगा घेतला आणि सांगितले, की कार्ल्याच्या दारावर 'शामी' नावाच्या सुताराचे नाव आहे. नाव चुकलेच. पण पांडवांचे नाव या खेपेला आले नाही.

पुढच्या रविवारी कमिटीच्या बैठकीत मी विषय मांडला, की सर्वांची नावे लावावीत, रक्कम न लिहिता. वाद झाला. मोठे दाते नाराज होतील, असे एक जण म्हणाला. पुन्हा खर्च कुठून, असे दुसरा. "नियम तुमचाच होता," असेही एक जण म्हणाला, आणि त्याला उत्तर नव्हते. शेवटी आतल्या भिंतीवर पेंटरकडून नावे रंगवून घ्यायची, अक्षरे सारखी, एवढे ठरले. पाटी आहे तशी राहील. मला हे अर्धेच वाटते, पण बहुमत झाले.

यादी करायला पावतीपुस्तके काढून बसलो तेव्हा दुसरी चूक सापडली. अकरा पावत्यांवर बाईचे नावच नाही. अमक्याची आई, तमक्याची पत्नी, एक उपासिका. अक्षर माझेच. भायिलाचे निदान तिचे स्वतःचे नाव मुलाच्या नावाजवळ कोरलेले आहे. माझ्या आईच्या अकरा पावत्यांवर 'खजिनदारांच्या मातोश्री'.

स्वयंपाकघरात जाऊन मी आईला म्हटले, "आई, भिंतीवर तुझं नाव घालायचंय. रेशनकार्डावरचं घालू ना?"

ती भाकरी थापत होती. हात थांबला. "त्ये सासरचं," ती म्हणाली. "लगनात बदललं. म्हायेरचं घातलं तर चालंल?"

मी म्हटले, "चालेल की. काय होतं माहेरचं?"

तिने सांगितले. इतक्या वर्षांत ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. दुसऱ्यांदा विचारून वहीत नीट उतरवून घेतले.